आजी आधी मावशींशी बोलतात

पुण्यात एखाद्या वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात आईवडिलांना ठेवायला गेलं की प्रवेश अर्ज भरावा लागतो. आधार कार्ड, मधुमेह-रक्तदाब, चालू औषधं, पथ्यं, अनामत रक्कम, रात्री-अपरात्री फोन करायचा तर कोणाला, हलवायची वेळ आली तर कुठल्या हॉस्पिटलात. बऱ्याच अर्जांत शेवटी आणखी एक रकाना असतो: निधन झाल्यास अंत्यविधीची जबाबदारी कोणाची. माणूस गेल्यावर काय करायचं याची तजवीज अशी पहिल्याच दिवशी होते. त्याआधीच्या महिन्यांत, शेवटच्या आठवड्यांत त्या माणसाला काय हवं आहे आणि काय नको, हे मात्र कोणी विचारत नाही. अर्जावर सही बहुतेक वेळा मुलाची किंवा मुलीची असते. ज्यांच्याबद्दल तो अर्ज आहे त्या आजी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असतात.

हे विचारलं गेलं पाहिजे, असं आता बरेच जण मान्य करतात. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. हा विषय निघाला की ऐकून घ्यायचं, योग्य वेळी तो आपणहून काढायचा आणि कळलेलं नीट लिहून ठेवायचं, याचं प्रशिक्षण वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मावशी, सिस्टर, ब्रदर आणि व्यवस्थापकांना मिळालं पाहिजे. मराठीतून, कामाच्या वेळेत, त्या दिवसाचा पगार न कापता. डॉक्टरांची आणि वकिलांची गरज आहेच. पण ते बोलावल्यावर येतात आणि जातात. आजींबरोबर चोवीस तास असतात ती ही माणसं.

पुण्याला वृद्धाश्रम नवे नाहीत. नवी पेठेतल्या 'निवारा'ची सुरुवात एकोणिसाव्या शतकातली आहे. मात्र अलीकडच्या काळात सिंहगड रोड, धायरी, वारजे, कात्रज, भूगाव या बाजूंना भाड्याच्या बंगल्यांमधून जी केंद्रं उभी राहिली, ती वेगळी आहेत. तिथे चालते-फिरते आजी-आजोबा कमी. अर्धांगवायू झालेले, स्मृतिभ्रंशाचे, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, नाकात नळी असलेले जास्त. मुलं अमेरिकेत किंवा बंगळुरूत, नाहीतर पुण्यातच पण सकाळपासून रात्रीपर्यंत हिंजवडीत. यातले बरेच जण इथून घरी परत जाणार नाहीत, हे ठेवणाऱ्यांना, सांभाळणाऱ्यांना आणि बहुतेकदा स्वतः आजी-आजोबांनाही ठाऊक असतं. ही संख्या वाढतच जाणार आहे. २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल सांगतो.

ठरलेलं काही नसेल तर काय होतं, हे अशा केंद्रात काम केलेलं कोणीही सांगेल. रात्री दोन वाजता आजोबांना धाप लागते. ड्यूटीवर एक ब्रदर आणि एक मावशी. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेलेले. मुलाला फोन लागला तर पलीकडून येतं, ''जे लागेल ते करा.'' मग १०८, मग कॅज्युअल्टी, मग आयसीयू. नव्वदीच्या, वर्षभर अंथरुणावर असलेल्या माणसाच्या घशात नळी जाते, हात पट्टीने कॉटला बांधले जातात आणि शेवटचे आठ-दहा दिवस काचेच्या पलीकडे निघून जातात. ब्रदरने निष्काळजीपणा केला नाही, मुलानेही नाही. ब्रदरच्या मनात धाकधूक असते की पेशंट आपल्या हाताखाली गेला तर पोलिस येतील, दाखला मिळणार नाही, मालक आपल्यालाच धरतील. खरं तर आजारपणाने आलेल्या नैसर्गिक मृत्यूच्या कारणाचा दाखला उपचार करणारे नोंदणीकृत डॉक्टर देऊ शकतात आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली त्याची नोंद २१ दिवसांत करायची असते. एवढी साधी माहिती रात्रपाळीच्या माणसाला कोणी दिलेली नसते. ती नसल्यामुळे किती म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या शेवटच्या रात्री गाडीत घालून शहरभर फिरवलं जातं, याचा विचार केला की फार वाईट वाटतं.

आता बोलणं कुठे होतं ते पाहू. ते डॉक्टरांच्या राउंडला होत नाही. तिथे आजी ''बरी आहे'' म्हणतात, कारण डॉक्टर घाईत असतात आणि मुलगी समोर उभी असते. बोलणं होतं सकाळी स्पंजिंग करताना, वेणी घालताना, डायपर बदलताना, रात्री झोप लागत नाही म्हणून मावशी पाय चेपत बसतात तेव्हा. ''आता देवाने न्यावं गं.'' वृद्धाश्रमात हे वाक्य रोज कानावर पडतं. त्यावर मावशींचं उत्तरही ठरलेलं असतं: ''असं बोलू नये आजी, शंभर वर्षं जगाल तुम्ही.'' हे मायेनेच म्हटलं जातं, पण बोलणं तिथेच संपतं. आजी गप्प होतात, आणि पुढच्या वेळी सांगायच्या आधी विचार करतात.

त्या एका वाक्यात काय काय असू शकतं! कंबर ठणकत असेल आणि वेदनाशामक पुरत नसेल. चार दिवस पोट साफ झालं नसेल. मुलाचा फोन आला नसेल. नैराश्य असेल, ज्यावर औषध आहे. किंवा खरोखरच मनाने आवराआवर झाली असेल, आणि हॉस्पिटलची आणखी एक फेरी नको, एवढंच त्यांना कोणाला तरी सांगायचं असेल. यातलं नेमकं काय, ते ''असं का वाटतंय आज?'' एवढं विचारून गप्प बसल्याशिवाय कळत नाही. गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं, आणि ते शिकवावं लागतं. पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेत, अनेक वर्षं काम केलेल्या डॉक्टर-नर्सेसनाही ते सराव करूनच आलेलं असतं. मावशींना ते जन्मतः येईल अशी अपेक्षा आपण का करावी?

अरुणा शानबाग यांचं प्रकरण या राज्यात कोणी विसरलेलं नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या या नर्सवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, आणि मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने जाईपर्यंत त्याच हॉस्पिटलच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने इच्छामरणासाठी याचिका केली होती. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना रोज न्हाऊ-माखू घालणाऱ्या, भरवणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. त्या कर्मचाऱ्यांनी अरुणा जगाव्यात असंच सांगितलं. मला या निकालातला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. रोजची शुश्रूषा करणाऱ्याला माणूस कळतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. आणि ज्यांना वाटतं की कर्मचाऱ्यांशी या विषयावर बोललं म्हणजे ते म्हाताऱ्यांना मरणाकडे ढकलतील, त्यांनीही हे प्रकरण आठवावं. जवळून सांभाळणारे लोक घाईने सोडून देत नाहीत. कधी कधी तेच सगळ्यात जास्त धरून ठेवतात, आणि त्यासाठीही त्यांना मदत लागते.

कायद्याची बाजू थोडक्यात. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ चा भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे सांगता आलं नाही तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की ती वापरणं जवळजवळ अशक्य होतं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. लिव्हिंग विल करताना न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायची गरज उरली नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. हे अधिकारी महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, मग नेमणुका झाल्या. प्रत्यक्ष जीवरक्षक उपचार थांबवायचे किंवा सुरूच करायचे नाहीत, असा निर्णय घ्यायचा झाला तर हॉस्पिटलमधली दोन वैद्यकीय मंडळं तो तपासतात. इंजेक्शन देऊन जीवन संपवणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. आणि शुद्धीवर असलेल्या, समज शाबूत असलेल्या माणसाला स्वतःवरचा कुठलाही उपचार नाकारता येतो. त्यासाठी लिव्हिंग विल लागत नाही.

मावशींना यातलं फार थोडं लागतं. त्यांनी कागद करून घ्यायचा नाही, साक्षीदार म्हणून सही तर मुळीच करायची नाही. ज्या संस्थेच्या पगारावर त्या आहेत, तिथल्या रहिवाशाच्या अशा कागदावर त्यांची सही असणं कोणाच्याच हिताचं नाही. त्यांचं काम त्या कागदाच्या खूप आधीचं आहे. हा आधीचा भाग झाला नाही तर नोटरीसमोर केलेलं लिव्हिंग विल कपाटातल्या फाइलमध्ये पडून राहतं आणि रात्री दोन वाजता कोणाला आठवत नाही.

मग प्रशिक्षणात असावं काय? सगळ्यात आधी, भाषणं नसावीत. पडद्यावर इंग्रजी स्लाइड आणि समोर पेंगुळलेली माणसं, असं प्रशिक्षण म्हणजे पैशांचा चुराडा आहे. या मावशी बीड, लातूर, नांदेड, परभणीकडून आलेल्या असतात. काहींचं शिक्षण सातवी-आठवीपर्यंत, काहींनी जीडीएचा म्हणजे रुग्णसहाय्यकाचा कोर्स केलेला, काहींनी एएनएम हा नर्सिंगचा. सांभाळायला समोर असतात निवृत्त मुख्याध्यापिका, बँकेतले अधिकारी, सदाशिव पेठेतल्या वाड्यातून आलेल्या काकू. बोलीत फरक, जातीत आणि वर्गात फरक. घरच्यांच्या नजरेत तर मावशी म्हणजे कामाला ठेवलेली बाई. ''तुला काय कळतं'' हे तिने अनेकदा ऐकलेलं असतं. अशा बाईला तिचं ऐकणं किती मोलाचं आहे हे आधी पटवून द्यावं लागेल, आणि ते नुसत्या कौतुकाने पटत नाही. तिने लिहिलेली नोंद डॉक्टरांनी वाचली, त्यावरून औषध बदललं, असं एकदा झालं की पटतं.

शिकवायचं ते प्रसंगातून. पुण्यात हौशी नाटकवाल्यांची वाण नाही. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू असलेलं शहर आहे हे. त्या मुलामुलींना आजी, चिडलेला जावई, परदेशातून फोनवर रडणारी लेक बनवून समोर बसवा, आणि मावशींना त्यांच्याशी बोलू द्या. चुकू द्या, थांबवा, पुन्हा करू द्या. असा एक दिवस महिनाभराच्या व्याख्यानांपेक्षा जास्त शिकवेल.

प्रश्न साधे असावेत, आपल्या घरातल्या भाषेतले. ''तब्येत आणखी खाली गेली तर कशाची सगळ्यात जास्त काळजी वाटते?'' ''तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने कोणी ठरवावं?'' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा अनपेक्षित येतं. थोरला मुलगा खर्च करतो, पण विश्वास भाचीवर असतो. ''मागच्या वेळी हॉस्पिटलात होतात, त्यातलं काय पुन्हा नको वाटतं?'' हा प्रश्न मला विशेष उपयोगी वाटतो, कारण त्याचं उत्तर अनुभवातून येतं. कोणी म्हणतं सुया नकोत, कोणी म्हणतं एकटं ठेवू नका, कोणी म्हणतं हॉस्पिटलच बरं, तिथे जीव वाचला होता. तिन्ही उत्तरं सारखीच ग्राह्य. ''सगळे उपचार करा'' असं सांगणाऱ्या आजोबांना समजावून दुसरीकडे वळवणं हे या प्रशिक्षणात शिकवलं जाता कामा नये. आणि ज्यांना या विषयावर बोलायचंच नाही, त्यांना सोडून द्यायचं.

बोलणं झाल्यावर आणखी एक प्रश्न हवाच: ''हे मी सिस्टरना सांगू का? वहीत लिहिलं तर चालेल का?'' आजींनी विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवायचं की पुढे न्यायचं, ही मावशींची मोठी कुचंबणा असते. परवानगी मागायची सवय लागली की ती सुटते. नोंद आजींच्याच शब्दांत, तारखेसह. लिहिणं जमत नसेल तर सिस्टरना तोंडी सांगून त्यांच्याकडून लिहून घ्यायची. दर तीन-चार महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या आजारपणानंतर पुन्हा विचारायचं, कारण माणसाचं मन बदलतं. नातीचं लग्न ठरलं की तेच आजोबा आणखी सहा महिने मागतात.

पण नुसत्या बोलण्याने भागत नाही, पाहणंही शिकवावं लागतं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजी घास तोंडात धरून ठेवतात, पाणी पिताना ठसका लागतो, वजन उतरत जातं. हे सगळ्यात आधी दिसतं भरवणाऱ्या मावशींना. घरच्यांना कळतं तेव्हा धावपळ सुरू झालेली असते. हॉस्पिटलात राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, पडते, आजी नळी ओढून काढतात, म्हणून त्यांचे हात बांधतात. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की प्रगत स्मृतिभ्रंशात नळीने भरवण्याची शिफारस करू नये. हाताने सावकाश भरवलं तरी आयुष्य, न्यूमोनिया, आराम या बाबतींत नळीपेक्षा कमी काही पदरात पडत नाही. बोस्टन परिसरातल्या २२ केंद्रांतल्या प्रगत स्मृतिभ्रंशाच्या ३२३ रुग्णांचा दीड वर्ष पाठपुरावा केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ८६ टक्के रुग्णांना खाण्याच्या अडचणी आल्या. म्हणजे हा अपघात नव्हे, आजाराचा ठरलेला रस्ता आहे. ज्यांच्या घरच्यांना हा रस्ता आधीच समजलेला होता, त्यांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत नळ्या, सलाइन आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या फार कमी आल्या.

इथे एक अडचणीची गोष्ट बोललीच पाहिजे. हाताने भरवायला एका माणसाचा अर्धा-पाऊण तास जातो, दिवसातून तीन-चार वेळा. नळीतून दहा मिनिटांत काम होतं. एका मावशीकडे आठ-दहा अंथरुणं असतील तर नळी ही केंद्राची सोय होऊन बसते. आजींच्या इच्छेचा प्रश्न असा थेट मनुष्यबळाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. प्रशिक्षण दिलं आणि माणसं वाढवली नाहीत, तर मावशींना आजींची इच्छा कळेल आणि ती पाळता येत नाही म्हणून त्या रोज कुढतील.

हे केवळ माझं अनुमान नाही. युरोपातल्या सात देशांतल्या ७८ केंद्रांत अशा प्रशिक्षणाचा मोठा प्रयोग झाला; निष्कर्ष २०२० मध्ये आले. शेवटच्या आठवड्यातल्या रुग्णांच्या आरामात त्याने फरक पडला नाही. काळजीचा एकूण दर्जा सुधारला, कर्मचाऱ्यांचं ज्ञान किंचितच वाढलं. प्रशिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवू नये. दुसरीकडे मेलबर्नच्या एका हॉस्पिटलात ८० किंवा त्याहून जास्त वयाच्या ३०९ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सेस आणि त्यांच्यासारख्या इतर कर्मचाऱ्यांनी, डॉक्टरांच्या सहकार्याने, रुग्णांशी आणि घरच्यांशी बोलणं केलं. पुढच्या सहा महिन्यांत जे गेले, त्यांच्यापैकी बोलणं झालेल्या ८६ टक्के लोकांच्या इच्छा ठाऊक होत्या आणि पाळल्या गेल्या. बोलणं न झालेल्यांमध्ये हे प्रमाण ३० टक्के होतं. मागे राहिलेल्या नातेवाइकांना ताण आणि नैराश्यही कमी. दोन्ही एकत्र वाचले तर मला दिसतं ते असं: बोलणं ज्याचं ठरलेलं काम आहे, त्यासाठी ज्याला वेळ दिलेला आहे आणि ज्याच्या मागे डॉक्टर उभे आहेत, तिथे गुण येतो. आधीच ओझ्याने वाकलेल्या माणसांच्या डोक्यावर आणखी एक कार्यशाळा ठेवली तर फारसा येत नाही.

''हे डॉक्टरांचं काम आहे'' हा आक्षेप मी नेहमी ऐकते. आजाराचं पुढे काय होणार, कुठला उपचार उपयोगाचा, हे डॉक्टरांनीच सांगायचं. मावशींनी ते सांगू नये, आणि ''हे माझं काम नाही, मी डॉक्टरांना बोलावते'' असं म्हणायचं कधी, हेसुद्धा प्रशिक्षणात शिकवावं. पण डॉक्टरांपर्यंत प्रश्न पोचवायला कोणीतरी लागतं. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं काम सुरू झालं आणि पुढे ते शेजारपाजारच्या स्वयंसेवकांच्या बळावर राज्यभर पसरलं. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी तिथे हे शिकले. आपल्याकडच्या मावशी तर हे काम आधीच निम्म्याहून जास्त करत आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पैसे वाचवण्यासाठी, म्हाताऱ्यांची जबाबदारी टाळण्यासाठी याचा वापर होईल. होऊ शकतो. मालमत्तेवर डोळा असलेले नातेवाईक पुण्यात कमी नाहीत. म्हणूनच हा विषय प्रवेश अर्जात घालू नये, प्रवेशाची अट तर कधीच करू नये. ज्या दिवशी आजी घर सोडून आल्या आहेत त्या दिवशी मरणाबद्दल विचारणं क्रूर आहे. पहिले काही आठवडे रुळू द्यावेत. किती जणांच्या नोंदी झाल्या याचं उद्दिष्ट ठरवू नये. उद्दिष्ट आलं की सह्या घेतल्या जातात. आणि ''हॉस्पिटल नको'' असं लिहिलेल्या प्रत्येक माणसासाठी वेदना, धाप, तगमग यांवर औषधाची सोय केंद्रात हवी. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थविषयक कायदा २०१४ मध्ये बदलला गेला, तरी छोट्या केंद्रांपर्यंत ते पोचवायला जाणकार डॉक्टरांशी बांधलेलं नातं लागतं. ते नसताना ''इथेच राहू द्या'' म्हणणं म्हणजे तळमळत ठेवणं होईल, आणि त्याला माझा विरोध आहे.

अशुभ बोलू नये, हा आक्षेप मात्र मला पुण्यात पटत नाही. इथल्या ज्येष्ठ नागरिक संघांत मृत्युपत्रावर व्याख्यानं होतात, देहदानाचे अर्ज उत्साहाने भरले जातात, नेत्रदानाचं कार्ड पाकिटात असतं. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडून देह ठेवला, त्याबद्दल महाराष्ट्र आदरानेच बोलतो. तो मार्ग मी कोणाला सुचवत नाही, त्याचा या विषयाशी संबंधही नाही. सांगायचं एवढंच की मरणाचं नाव काढायला आपण घाबरत नाही. घाबरतो ते आपल्याच आईसमोर ते काढायला.

परदेशातल्या मुलांबद्दल बरंच कडवट बोललं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. सहा महिन्यांनी आलेला मुलगा आईची वाळलेली कुडी पाहतो आणि ''सगळं करा, पैशाची काळजी करू नका'' म्हणतो, तेव्हा बोलत असते त्याची अपराधी भावना. त्याला रोजची उतरण कोणी दाखवलेली नसते. महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, त्यात सिस्टर आणि शक्य असेल तर मावशीही, आणि ''बऱ्या आहेत''च्या ऐवजी खरी माहिती: पूर्वी पोळी खायच्या, आता पेज, पूर्वी खुर्चीत बसायच्या, आता दिवसाचा बराच वेळ झोप. अशी माहिती देणंही शिकावं लागतं. मुलाला वाईट वाटेल, पण शेवटी तो अनोळखी माणसासारखा येणार नाही.

आणि मावशींचं दुःख? ज्या आजींची वेणी तीन वर्षं घातली त्या पहाटे जातात, आणि दुपारी त्याच कॉटवर नवी चादर घालावी लागते. वैकुंठ स्मशानभूमीत जायला सुट्टी नसते, घरच्यांच्या दुःखात मावशींना कोणी विचारत नाही. प्रशिक्षणात यासाठी वेळ हवा, आणि केंद्राच्या नियमांतही. निदान निरोप घेता यावा, त्या दिवशी कोणाशी तरी बोलता यावं. हे नसेल तर माणसं कोरडी होतात किंवा काम सोडून जातात, आणि शिकवलेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं.

हे घडवायचं कोणी, यावर माझी ठोस मागणी आहे. वृद्धाश्रम समाजकल्याणाच्या कक्षेत, हॉस्पिटलं आरोग्य खात्याच्या, आणि मधल्या शुश्रूषा केंद्रांकडे नीट पाहणारं कोणी नाही. पुणे महापालिकेने पुढाकार घेऊन शहरातल्या केंद्रांची बैठक बोलवावी. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे, तिथे प्रशिक्षणही चालतं. नर्सिंग कॉलेजेस आहेत, फेस्कॉमसारखा ज्येष्ठांचा महासंघ आहे. यांच्याकडून मराठी अभ्यासक्रम तयार करून घ्यावा. पहिल्या फेरीत मोजकीच केंद्रं घ्यावीत, पण त्यांतली रात्रपाळी आणि माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेले कर्मचारी वगळू नयेत. मालक-व्यवस्थापकांनी मावशींबरोबरच बसावं, वेगळ्या खोलीत नाही. प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला पगारवाढ मिळावी. दरमहा भरघोस शुल्क घेणाऱ्या केंद्रांना ती जड नाही, आणि धर्मादाय संस्थांसाठी महापालिकेने तरतूद करावी. लिव्हिंग विल सांभाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि दूरध्वनी प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लागावा.

शेवटची अडचण रस्त्यावरची आहे. आजींची नोंद कितीही नीट लिहिलेली असली तरी अँब्युलन्समध्ये बसताना ती केंद्रातच राहते. प्रत्येक रहिवाशाची एक पानी नोंद औषधांच्या कागदाबरोबर एकाच फोल्डरमध्ये असावी आणि माणूस हलला की फोल्डर हलावं. त्यावर तीनच गोष्टी ठळक: निर्णय कोणाला विचारायचा, लिव्हिंग विल आहे की नाही, आणि आजींनी स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं आहे. ससून, महापालिकेची रुग्णालयं आणि शहरातली मोठी खाजगी हॉस्पिटलं यांनी आपल्या कॅज्युअल्टीत ते पान वाचण्याची आणि ते घेऊन आलेल्या मावशीला दाराबाहेर न थांबवता आत बोलावून विचारण्याची लेखी पद्धत ठरवावी.